वाराला चार बोटं जास्त

सॅमू, आज शुक्रवार. दोन वाजले आणि मी सवयीने घराबाहेर पडून पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभा राहिलो. खिशात तुझं स्टॉपवॉच, हातात पांढरा रुमाल. बराच वेळ उभा राहिल्यावर डोक्यात प्रकाश पडला की घड्याळ आहे, रुमाल आहे, पळणारा नाही. मग काय करणार, टाकीच्या कठड्यावर बसलो आणि तुला शिव्या दिल्या. मनातल्या मनात नव्हे, चांगल्या मोठ्याने. समोरच्या बिल्डिंगमधली मोरोक्कोची बाई कपडे वाळत घालत होती. तिने माझ्याकडे पाहिलं, तोंडाने चक् चक् केलं आणि आत गेली. तिला मराठी येत नाही हे बरंच आहे.

तुला जाऊन नऊ दिवस झाले. तू कुठल्या गावचा, मुंबईत रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर म्हणून किती वर्षं काढलीस, इथे मृत समुद्राकडच्या कारखान्यात काय काम करायचास, हे सगळं लोकांचं दु:खाच्या सात दिवसांत सांगून झालं. चांगलंच सांगितलं. मला त्यातलं काही सांगायचं नाही. मला तुझ्याशी एक गोष्ट बोलायची होती. ती तीन शुक्रवार माझ्या जिभेवर आली आणि तीनही शुक्रवार मी ती गिळली. मला वाटलं चौथा शुक्रवार आहेच. तू बुधवारीच गेलास. हे काय वागणं झालं?

सुरुवातीपासून सांगतो. मध्ये बोलू नकोस, तुला ती खोड आहे.

चोपन्न साली माझगावला आपण भिंतीला भिंत लागून राहत होतो. एका सकाळी तू वर्तमानपत्र फडकावत माझ्या खोलीत घुसलास. मी दाढी करत होतो. तू दारातूनच ओरडलास, "दान्या, मोडली! चार मिनिटांची मोडली!" मला वाटलं खाट मोडली. मग तू मला बसवून वाचून दाखवलंस. विलायतेत एका माणसाने एक मैल चार मिनिटांच्या आत पळून दाखवला होता. तुला तोंडपाठ होतं सगळं. लोक किती वर्षं म्हणत आले होते की माणसाच्या छातीला हे झेपायचं नाही, चार मिनिटांच्या आत गेला तर पळणारा जागेवर कोसळेल. हा पठ्ठ्या गेला, कोसळला, आणि पाणी पिऊन उठून बसला.

मी म्हटलं, "बरं मग? आपल्याला काय त्याचं?"

तू माझ्याकडे असं पाहिलंस की जणू मी देवळात चप्पल घालून आलोय. त्या दिवसापासून आपलं भांडण सुरू झालं, ते दहा वर्षं चाललं. दोन महिनेही झाले नाहीत तोच दुसऱ्या कोणी तरी तो मैल आणखी कमी वेळात काढला आणि तू तेही वर्तमानपत्र घेऊन आलास. "बघ! इतकी वर्षं एकाला जमेना, आणि एकदा जमल्याबरोबर लगेच दुसरा. भिंत नव्हतीच रे. भिंतीचं चित्र होतं. पहिल्याने जाऊन त्याच्यावर हात ठेवला एवढंच."

मी म्हणायचो, पहिला तो पहिला, बाकी सगळे मागून आलेले. तू म्हणायचास, पहिल्याचं मोठेपण हेच की तो मागच्यांना सोपं करून गेला. आणि मग तुझं ते आवडतं पालुपद: त्याच्या पुढे दोन जण पळत होते, वारा अंगावर घेत. त्यांचं काय? आणि घड्याळ कुणाच्या हातात होतं? जमीन कुणी मोजली? "मोजणारा खरा असला तरच पळणारा खरा, दान्या." हे वाक्य तू माझ्या तोंडावर शंभर वेळा फेकलंस. आता ते मला कसं लागतंय ते तुला कळलं असतं तर तू एकदा तरी गप्प बसला असतास.

तुझी स्वतःची भिंत पाच मिनिटांची होती. चार मिनिटं जगातल्या दोन-चार जणांची, पाच मिनिटं तुझ्यामाझ्यासारख्याची, असा तुझा हिशेब. तुझ्यामाझ्या म्हणजे तुझ्याच. मी तर बससाठीही पळत नाही. वर्कशॉपच्या स्पोर्ट्समध्ये तू पाच मिनिटं तीन सेकंदांत मैल काढला होतास, आणि तिथेच अडकलास. मी चिडवायचो, "तीन सेकंदांत मी एकदा शिंकतो." तू म्हणायचास, "मग तेवढं शिंकायचं थांब."

बासष्ट साली आपण यहुद्यांच्या या नव्या देशात, डिमोनाला आलो. तू आधी, मी चार महिन्यांनी. मी आलो तेव्हा तू ट्रकच्या मागे उभा होतास. माझ्या बायकोच्या हातातली ट्रंक घेतलीस आणि पहिलं वाक्य काय बोललास? कसा आहेस नाही, प्रवास कसा झाला नाही. म्हणालास, "दान्या, इथली हवा कोरडी आहे. घाम लगेच सुकतो. इथे पाच मिनिटं मोडतात." माझी बायको चारी बाजूंना बघत होती. पिवळी जमीन, पांढऱ्या बिल्डिंगी, झाड नावाला नाही. ती म्हणाली, "इथे माझी कंबर मोडेल."

त्याच आठवड्यात तू घरी एलियाहू हन्नाबीचा नवस बोललास. पाच मिनिटांच्या आत मैल काढला तर पोहे-नारळाचा मलिदा करीन. रिबका वहिनी हसली होती. म्हणाली, "ज्या प्रेषिताकडे अग्नीचा रथ आहे त्याला तुमच्या पळण्याचं काय हो कौतुक?" तरी तिने मुंबईहून कपड्यांत गुंडाळून आणलेला नारळ काढून कपाटात वरच्या फळीवर ठेवला. त्या दिवसांत इथे नारळ कुठला मिळायला! पोहे कुणी तरी आणायचं, वेलदोडे आणायचं, पण नारळ म्हणजे सोनं. आणि त्या सोन्याला तू दोन वर्षं कोणाला हात लावू दिला नाहीस. सण आला की वहिनी म्हणायची, फोडू का? तू म्हणायचास, पाच मिनिटं फुटल्यावर तो फुटेल. शेवटी शेवटी ती नारळाला "तुमचे पाहुणे" म्हणायला लागली होती.

आता ऐक.

मला गिरणीत काम लागलं, तू माझ्या आधी आनंदाने उड्या मारल्यास. मी मुंबईत फोल्डिंग खात्यातला माणूस. बावीस वर्षं मशीनपुढे उभा. मशीन कापडाच्या घड्या घालतं, एक घडी म्हणजे एक वार. घड्या मोजल्या की तागा मोजला. झोपेत उठवलंस तरी मी बोटाने घड्या चाळून सांगितलं असतं, चाळीस वार, अर्धा वार कमी. इथेही मला फोल्डिंगच मिळालं. तसंच मशीन, तसाच आवाज, तशीच घडी. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. नवा देश, नवी भाषा, पण मशीन ओळखीचं.

तू म्हणालास, "मला मैल मोजून दे. सतराशे साठ वार."

मी म्हटलं, "माझ्याकडे टेप नाही."

"तू वाराचा माणूस. तुला टेप कशाला हवी?"

मी फुगलो. माणूस आहे मी पण. त्या पहिल्याच आठवड्यात एक डॅमेज तागा घेतला, त्याच्या चव्वेचाळीस घड्या मोजल्या, काठाला लावून सुतळी धरली आणि गाठ मारली. चव्वेचाळीस चाळिसा सतराशे साठ. शुक्रवारी दुपारी आपण दोघं ती सुतळी घेऊन उन्हात निघालो. टाकीपासून सरळ वीस सुतळ्या जाऊन एक मोठा धोंडा ठेवला, तिथून वळून परत वीस सुतळ्या टाकीपर्यंत. धोंड्याला चुना फासला. तू दर सुतळीला "एक", "दोन" असं ओरडत होतास, शाळेतल्या मुलासारखा. मी घामाने निथळत होतो आणि तुझ्यावर ओरडत होतो की हळू ओरड, मोजणी चुकेल.

मोजणी नाही चुकली, सॅमू. एकही सुतळी कमी-जास्त झाली नाही.

त्यानंतर दर शुक्रवार आपला. अर्धा दिवस काम, घरी येऊन दोन घास, मग टाकी. संध्याकाळी शबातचा विसावा सुरू व्हायच्या आत अंघोळ करून सिनागॉगला. पाऊस नाही, सुट्टी नाही, फक्त धुळीचा वारा सुटला तर तू नाइलाजाने थांबायचास, आणि तेव्हाही दारात उभं राहून वाऱ्याशी भांडायचास. तिथला रस्ता मध्ये खोलगट आहे. तू धोंड्याकडून वळलास की दिसायचा नाहीस. मग एकदम त्या एकट्या बाभळीपाशी तुझं डोकं वर यायचं. तिथे तू न चुकता उजवा हात वर करायचास. ओरडायला दम नसायचा, म्हणून हात. म्हणजे काय: दान्या, किती? आणि मी रुमाल हलवायचो. म्हणजे काय: पळ, अजून आहे. आपलं ठरलं होतं, ज्या दिवशी पाच मिनिटांच्या आत येशील त्या दिवशी मी रुमाल हलवणार नाही, दोन्ही हात वर करीन.

दोन वर्षांत मी एकदाही दोन्ही हात वर केले नाहीत.

पण मी तुझ्या पळण्याचंच सांगत बसलो. तू नुसता पळत नव्हतास. मुंबईहून नवं कुटुंब आलं की तू त्यांना गाठायचास. कोणी रडत असायचं की हिब्रू जमत नाही, कोणी म्हणायचं हे काम आम्हाला येणार नाही. तू बसून त्यांना चार मिनिटांची गोष्ट सांगायचास. मला लाज वाटायची. मी म्हणायचो, अरे, त्या बाईला नळाला पाणी नाही, तू तिला विलायतेतला मैल काय सांगतोस? आठवते ना एस्तेरमावशी? साठी उलटलेली, नव्या भाषेच्या वर्गात बसायला तयार नव्हती. मराठीत सही येत नाही, हिब्रूत काय करू म्हणायची. तू तिच्या दारात उकिडवा बसून तासभर बोललास. पुढच्या वर्षी तिने बसवरची पाटी वाचून दाखवली, बेर्शेबा. बस सुटायची वेळ झाली तरी ती पाटीपुढून हलेना, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय आणि तू खाली उभा राहून टाळ्या वाजवतोयस. तिने परवा तुझ्या घरी येऊन दुसरं काही सांगितलं नाही. म्हणाली, "सॅमसनने मला पाटी वाचायला लावली." आणि रडली.

आणि ते दुसरं प्रकरण. आपल्या मुलामुलींच्या लग्नाच्या वेळी इथले धर्मगुरू आज्या-पणज्यांचे पुरावे मागायला लागले ना, की तुम्ही पुरते यहुदी आहात का ते बघू. माझं डोकं फिरलं होतं. मी सामान बांधायला काढलं होतं, खोटं नाही सांगत, ट्रंक खाली घेतली होती. बायको ट्रंकेवर बसून राहिली. तू आलास. मला वाटलं आता मैल सुरू करशील. नाही केलास. शांतपणे म्हणालास, "दान्या, ते आपल्याला मोजतायत आणि आपण कमी भरतोय. मग चूक मापाची असेल की नाही? आपण आहोत तेवढेच आहोत." या उन्हाळ्यात आपली माणसं जेरुसलेमला जाऊन धरणं धरून बसली तेव्हा तू दोन दिवस रजा काढून तिथे गेलास. परत आलास तो घसा बसलेला, चेहरा लाल. आणि शुक्रवारी पळायला हजर. तुझ्यासारखा माणूस मी पाहिला नाही, आणि हे तू असताना एकदाही बोललो नाही. आपल्यात तशी पद्धत नव्हती.

या वर्षी पेसाहच्या सणाआधीचा तो शुक्रवार. हवा थंड होती, वारा पडलेला. हाना पण आली होती, तुझी पोर, पंधराची. मराठीत विचारलं की हिब्रूत उत्तर देते, पण येते. तू सुटलास तेव्हाच मला कळलं की आज काही तरी वेगळं आहे. पाय जमिनीला लागतायत की नाही असं. तू खोलगटातून बाभळीपाशी वर आलास, हात वर केलास. मी घड्याळ पाहिलं. काटा पाचाच्या अलीकडे होता. थोडासाच अलीकडे. मी मनात म्हटलं, अरेरे, एवढं अंतर उरलंय, आजही नाही. आणि रुमाल हलवला.

तू टाकीपाशी पोचलास तेव्हा पाच मिनिटं पंचवीस सेकंद झाले होते. तुझा इथला सगळ्यात चांगला टाइम. तू गुडघ्यावर हात ठेवून उभा राहिलास, धाप लागलेली, आणि विचारलंस, "खरं सांग."

मी खरं सांगितलं. घड्याळात होतं ते.

तू हसलास. "मुंबईत पाच-तीन काढले होते. इथे दोन वर्षं घाम गाळून पाच-पंचवीस. म्हातारा झालो रे." हाना काही तरी म्हणाली हिब्रूत, बहुतेक "आबा, बस झालं" असं. तू तिच्या डोक्यावर टपली मारलीस. पण मी तुझा चेहरा पाहिला होता. अडतिसाव्या वर्षी आरशात बघून माणसाचा जसा चेहरा होतो तसा तुझा झाला होता. तो चेहरा माझ्यामुळे झाला होता, आणि ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

महिन्यापूर्वी कळलं. माझ्या बायकोने ट्रंकेतून लाँगक्लॉथचा एक तुकडा काढला, पोरीच्या झग्याला. मुंबईच्या गिरणीचा, कोरा, गिरणीच्या घड्या मोडलेल्याच नाहीत. नेमका त्याच दिवशी मी इथल्या गिरणीतून एक तुकडा आणला होता, तोही घड्यांचा. तिने दोन्ही पलंगावर एकावर एक टाकले आणि म्हणाली, "अहो, तुमची इथली घडी लांब आहे."

मी म्हटलं, "काही तरीच."

ती म्हणाली, "हे बघा की. चार बोटं जास्त."

मी बोटं ठेवून बघितली. चार बोटं. पलंगावर बसलोच मी. इथलं मशीन मीटरची घडी घालतं. मीटर! कागदावर मी दोन वर्षं मीटर लिहितोय, रोज लिहितोय, सही करतोय. पण सुतळी मी पहिल्या आठवड्यात मोजली होती, तेव्हा घडी म्हणजे वार हेच बोटांना माहीत होतं. नंतर कागदावर मीटर आले, आणि कागद आणि सुतळी माझ्या डोक्यात कधी एकमेकांना भेटलेच नाहीत. बावीस वर्षांचा फोल्डर मी. नवशिक्या पोराने केली असती तर मी त्याचा कान धरला असता.

वाराला चार बोटं. सतराशे साठ वेळा चार बोटं. दीडशे मीटर, सॅमू. तू दर शुक्रवारी एक मैल पळून झाल्यावर वर दीडशे मीटर पळत होतास. गिरणीत मीटरचे वार आम्ही रोज करतो, ते कोष्टक मला पाठ आहे. गिरणीच्या कागदाच्या पाठीवर तसाच गुणाकार केला, तीनदा केला. तुझा तो पाच-पंचवीसचा मैल चार मिनिटं सत्तावन्न सेकंदांचा होता. तू मोडली होतीस. पेसाहच्या आधी मोडली होतीस, आणि मी तुला सांगितलं की नाही मोडली.

पहिल्या शुक्रवारी मी शरमेने गप्प राहिलो. तू कशाला तरी हसत होतास, मला वाटलं पुढच्या वेळी सांगू. दुसऱ्या शुक्रवारी तू पळताना लंगडलास, टाइम खराब आला, म्हटलं आज नको. तिसऱ्या शुक्रवारी मी ठरवूनच आलो होतो. तोंड उघडलं. म्हटलं, "सॅमू, एक सांगायचंय." तू बुटाची नाडी बांधत होतास. मान वर न करता म्हणालास, "आधी माझं ऐक. हा शुक्रवार नसता ना, तर मी केव्हाच मुंबईची बोट पकडली असती." आणि उठून उभा राहिलास. "बोल, काय सांगायचंय?"

मी म्हटलं, "नाडी नीट बांध."

खरं कारण ऐक. मला वाटलं, तुला कळलं की मोडली, की नवस फिटला, नारळ फुटला, की शुक्रवार संपला. मग मी दोन वाजता कुठे जाऊ? तुला शरमेपोटी नाही सांगितलं हे मी स्वतःला सांगत होतो. शरम थोडी होती. स्वार्थ जास्त होता.

बुधवारी कारखान्याची बस यायच्या आधी स्टॉपवर तू बाकावर बसलास आणि उठला नाहीस. डॉक्टरला मी विचारलं, पळण्याने झालं का? सरळच विचारलं, मला ते जाणून घ्यायलाच हवं होतं. तो म्हणाला, हृदय मुळातच असं होतं, पळत होता म्हणून इतकी वर्षं टिकलं असेल, कोण सांगणार. मग मला म्हणाला, सवलानूत, धीर धरा. मी त्याच्या पहिल्या अर्ध्यावर विश्वास ठेवायचं ठरवलंय. धीराचं बघतो.

सातव्या दिवशी लोक उठून गेल्यावर मी वहिनीपुढे दोन्ही कापडं ठेवली. एकावर एक. सगळं सांगितलं. सुतळी, घड्या, चार बोटं, तीन शुक्रवार, काही लपवलं नाही. हाना भिंतीला टेकून उभी होती. वहिनीने बोटं ठेवून बघितली, माझ्या बायकोने बघितली होती तशीच. मला वाटलं आता ही मला घराबाहेर काढणार, आणि काढावंच.

वहिनी म्हणाली, "चार बोटं? या चार बोटांपायी त्यांनी दोन वर्षं मला नारळाला हात लावू दिला नाही?" आणि हसायला लागली. हसता हसता तोंडाला पदर लावला आणि मग कुठलं हसणं. हाना येऊन तिला बिलगली. मीही रडलो, त्यात काय लपवायचं. जरा वेळाने वहिनीने डोळे पुसले आणि म्हणाली, "भाऊजी, तुम्ही त्यांना सांगायला हवं होतंत." एवढंच. ओरडली असती तर बरं झालं असतं.

सिनागॉगात प्रार्थना चालवणाऱ्या हझानकडे मीच गेलो. विचारलं, गेलेल्या माणसाचा नवस दुसऱ्याला फेडता येतो का? त्याने माझं सगळं ऐकून घेतलं, दाढी कुरवाळली. म्हणाला, "दुसऱ्याने का? नवस बोलला त्याने, पुरा केला त्याने. राहिलंय ते फक्त ताट मांडायचं. मांडा."

काल मांडलं. पोहे भिजवले, साखर, वेलदोडे, ताटाभोवती फळं. नारळ मी फोडला. दोन वर्षं कपाटात पडलेला, मनात म्हटलं कुजका निघणार, अख्ख्या मंडळींत शोभा होणार. हलवला तर आत खुळखुळला. फोडला तर पाणी सगळं आटलेलं आणि आतून अख्खा गोटा निघाला, सुकं खोबरं, पांढरंशुभ्र, गोड. कोरडी हवा, सॅमू. तू म्हणाला होतास. एलियाहू हन्नाबीचं नाव घेतलं, सगळ्यांनी मलिदा खाल्ला. एस्तेरमावशीने दोनदा घेतला. तुझ्या वाट्याचा हानाने वाटीत काढून ठेवला.

आज तुला शिव्या देत बसलो होतो, तोच ती पोर शाळेची टेप घेऊन आली. खरी, लोखंडी, मीटर-सेंटीमीटरवाली. मला म्हणाली, "काका, यल्ला." चला म्हणे, आणि चक्क काका म्हणाली. आम्ही टाकीपासून मोजत धोंड्यापर्यंत गेलो, तिथून वळून मागे येऊ लागलो. ती पुढे, मी टेपचं दुसरं टोक धरून मागे. या वेळी "एक", "दोन" ओरडायला कोणी नव्हतं, ती पुटपुटत होती. खोलगटातून आम्ही वर आलो. ती थांबली. मैलाचे सोळाशे नऊ मीटर भरल्यावर तिने जमिनीवर पायाने रेघ मारली आणि म्हणाली, "काऽन." इथे.

मी वर पाहिलं. बाभळ.

बाभळीच्या बुंध्यापासून हातभर पुढे. जिथे तू दर शुक्रवारी हात वर करायचास तीच जागा. तिथेच मैल संपत होता. पेसाहच्या आधीच्या त्या शुक्रवारी तू नेमका त्या रेघेवर हात वर करून मला विचारलंस, दान्या, किती? घड्याळ माझ्या हातात होतं, काटा पाचाच्या अलीकडे होता, मी तो माझ्या डोळ्यांनी पाहिला होता. आणि मी रुमाल हलवला. पळ, अजून आहे.

मोजणारा खरा असला तरच पळणारा खरा, असं तू म्हणायचास. नाही, सॅमू. या भांडणात तू हरलास. मोजणारा गाढव निघाला, तरी पळणारा खराच होता.

तर तिला तिथेच सोडून मी परत टाकीपाशी आलोय. मोरोक्कोची बाई परत गॅलरीत आलीय. हाना बाभळीपाशी उभी आहे, इथून इवलीशी दिसते. तिने आत्ता उजवा हात वर केलाय. तिला कोणी शिकवलं नाही, दोन वर्षं बघतच होती.

मी रुमाल खिशात घातलाय. दोन्ही हात वर केलेत. दिसतायत का? पोचलास रे. थांब आता, श्वास घे.